कागलकडं बघणाऱ्या डिश आणि सपाट पृथ्वी

कोल्हापुरात कुठल्याही गच्चीवर चढा आणि आजूबाजूच्या टीव्हीच्या डिश बघा. मंगळवार पेठ असो, राजारामपुरी असो, नाहीतर कसबा बावडा. घराचं तोंड कुठंही असलं तरी डिश सगळ्या एकाच अंगाला वळलेल्या. मी ज्या कंपनीच्या बसवतो त्या तर थेट कागलकडं. बाकीच्यांच्या आणखी थोड्या पूर्वेला सरकलेल्या, पण आग्नेयेचा पट्टा कुणी सोडत नाही. सोळा वर्षं हाच धंदा करतोय, त्यामुळं अनोळखी गल्लीत शिरलो तरी दिशा विचारावी लागत नाही. मान वर केली की झालं.

हे सांगायचं कारण माझा भाचा. बारावीला आहे, डोकं चांगलं आहे, आणि गेल्या दिवाळीपासून पृथ्वी सपाट आहे असं म्हणतोय. मोबाईलवर रात्री एक-दोन वाजेपर्यंत कसले कसले व्हिडिओ बघतो. बहिणीकडं गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं म्हणून काढून ठेवलेली डिश परत बसवायला गेलो, तर हा पाना हातात देत म्हणाला, "मामा, सॅटेलाइट-बिटेलाइट काय नसतंय. कागलकडं टॉवर हाय, तिथनं येतंय सगळं."

मला राग आला नाही. उलट वाटलं, ह्यानं निदान दिशा तरी बघितली. गिऱ्हाइकं तेवढीही बघत नाहीत. डिश लावून झाली, खाली मालिका सुरू झाली, तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरातून मोठी परात आणायला सांगितली.

डिश बघताना एक फसगत होते. तिचं तोंड जेवढं वर दिसतं त्यापेक्षा ती बरीच जास्त वर बघत असते. घरगुती डिश म्हणजे पुरी वाटी नव्हे, मोठ्या वाटीचा एका कडेचा तुकडा कापून घ्यावा तशी तिची घडण. म्हणून तर एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, मधोमध न बसता खालून पुढं आलेला असतो. नवीन पोरं कामाला येतात तेव्हा ह्याच ठिकाणी चुकतात, डिश आणखी वर उचलतात आणि मग तासभर सिग्नल शोधत बसतात. आमचा उपग्रह आहे विषुववृत्तावर, ८३ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर. कोल्हापुरातून तो क्षितिजापासून ६८ अंश उंचीवर येतो. हात लांब करून मूठ आवळली की एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. म्हणजे जवळजवळ सात मुठी वर.

भाच्याला म्हटलं, परात घे आणि कागलच्या बाजूला, डिशपासून आठ-दहा फुटांवर, डिशच्याच उंचीला धर. धरली. खालून काही आवाज नाही, मालिका चालू. इकडं सरक, तिकडं सरक. काही नाही. टॉवरवरून येणारा सिग्नल असता तर इथं अडायला हवा होता. मग म्हटलं, आता डिशजवळ ये आणि परात डोक्यावर, वर आभाळाकडं धर. थोडी पुढं, थोडी डावीकडं, आणि एका जागी खालून बहीण ओरडली, "दादा, गेली की रे मालिका! चौकोन चौकोन व्हायलेत सगळं!"

भाचा परात धरून तसाच उभा. सिग्नल डोक्यावरून येत होता.

आता सपाट पृथ्वीवाले इथं हरत नाहीत. त्यांच्याकडं पुढचं उत्तर तयार असतं, आणि भाच्याकडंही होतं. फुगा. आभाळात मोठाले फुगे सोडलेत, त्यावरून सिग्नल येतो. ठीक आहे, समजा फुगा. तो कागलच्या पलीकडं आभाळात ३० किलोमीटरवर आहे असं धरलं, तर दिल्लीच्या डिशला तो क्षितिजाला टेकलेला दिसायला हवा, म्हणजे दिसणारच नाही. पण दिल्लीत त्याच उपग्रहासाठी डिश ५६ अंश उंच बघते, आणि कन्याकुमारीत साडेअठ्ठ्याहत्तर अंश. तिघंही एकाच ठिकाणाकडं बोट दाखवतात.

हे कागदावर काढून बघण्यासारखं आहे. सरळ रेघ म्हणजे सपाट जमीन. उपग्रह ज्या बिंदूच्या डोक्यावर आहे तिथून कन्याकुमारी सुमारे १०८० किलोमीटर, कोल्हापूर २०९०, दिल्ली ३२४०. तिन्ही ठिकाणांहून आपापल्या कोनात रेघा वर काढल्या तर त्या एकत्र यायला हव्यात. येत नाहीत. कन्याकुमारीची रेघ ५३०० किलोमीटरच्या वर पोचते, कोल्हापूरची ५१५० च्या आसपास, दिल्लीची ४८०० ला. एकच वस्तू तीन उंचींवर. हीच तीन गावं ६३७१ किलोमीटर त्रिज्येच्या गोलावर मांडा, त्याच तीन रेघा काढा, की त्या एकाच बिंदूत मिळतात: जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोनच ठिकाणं घेतली तर सपाट जमिनीवरसुद्धा दोन रेघा कुठंतरी मिळतातच. दोन काठ्यांच्या सावल्या मोजून पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध होतं असं शाळेत सांगतात, त्यातही हीच गोची आहे. जवळचा, पाच-सहा हजार किलोमीटरवरचा सूर्य घेतला तर त्या दोन सावल्या सपाट पृथ्वीवरही बरोबर बसतात. तिसरी काठी लागते. ती रोवली की सपाट पृथ्वीचा सूर्य एका उंचीवर थांबत नाही. आपल्या बाजूनं बोलणारे लोक ही तिसरी काठी विसरतात आणि मग वादात तोंडघशी पडतात. विमानाच्या खिडकीतून काढलेले वाकड्या क्षितिजाचे फोटोही तसेच. बऱ्याचदा ती लेन्सची किंवा खिडकीच्या काचेची करामत असते.

वर्षातून दोनदा आमच्या धंद्यात आणखी एक गंमत होते. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपता संपता काही दिवस, दुपारी बाराच्या आगेमागे, सिग्नलची क्वालिटी काही मिनिटं खाली येते. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जात असतो. सूर्य स्वतःही रेडिओलहरी सोडतो, त्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. बॉक्स खराब झाला म्हणून फोन येतात, मी म्हणतो चहा घ्या, होईल सुरू. होतो. फुगा असता तर असा एका जागी थांबला असता का? वारा लागून एक अंश इकडं-तिकडं सरकला तरी माझ्या हातातला मीटर ओरडायला लागतो.

भाच्याचा दुसरा प्रश्न होता रॉकेटचा. पोकळीत हवाच नाही तर रॉकेट ढकलणार कशाला?

हा प्रश्न विचारणारा तो पहिला नव्हे. १३ जानेवारी १९२० ला न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखात हेच म्हणून रॉबर्ट गोडार्ड ह्या शास्त्रज्ञाची टर उडवली होती. ह्या माणसाला शाळेतलं विज्ञानही येत नाही, असा सूर. अपोलो ११ चंद्राकडं निघालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्याच वर्तमानपत्रानं चूक दुरुस्त केली. एकोणपन्नास वर्षांनी. गोडार्ड तोवर हयात नव्हते.

भाचा एनसीसीत आहे. कॅम्पात पॉइंट टूटूची रायफल चालवलीय. आणि कोल्हापूरच्या पोरांना नेमबाजी समजावून सांगावी लागत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ घेऊन आलेला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. त्याला विचारलं, घोडा ओढला की खांद्याला काय होतं? म्हणाला, धक्का बसतो. कधी बसतो, गोळी जाऊन टार्गेटला लागल्यावर का?

"न्हाई, सुटली की लगेच."

मग धक्का गोळीनं हवेला ढकलल्याचा नाही, टार्गेटला ढकलल्याचाही नाही. बंदुकीनं गोळीला पुढं ढकललं, गोळीनं बंदुकीला मागं. गोळी तीन ग्रॅमचीसुद्धा नसते, बंदूक काही किलोची, म्हणून बंदूक थोडीच हलते. आता अशी बंदूक घ्या जी सेकंदाला शेकडो किलो गोळ्या सोडते, आणि प्रत्येक गोळी सेकंदाला अडीच ते साडेचार किलोमीटर वेगानं जाते. ते रॉकेट. गोळ्या म्हणजे जळालेल्या इंधनाचा गॅस. मागं हवा असली तर उलट अडचणच होते, कारण बाहेर पडणाऱ्या गॅसला ती दाबून धरते. रॉकेट पोकळीत जास्त जोरानं चालतं, कमी नाही.

जळायला प्राणवायू कुठून येतो? बरोबर नेतात. चांद्रयान-३ घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे ६४० टनांचं होतं आणि त्याच्या टोकावरचं यान चार टनांच्या आत. बाकी वजनाचा बहुतेक भाग म्हणजे इंधन आणि ते जाळण्यासाठीचा प्राणवायू, कुठं घन रूपात, कुठं द्रव. आपली गाडी प्राणवायू हवेतून फुकट घेते, म्हणून टाकी एवढीशी चालते.

"बरं," भाचा म्हणाला, "मग वर का जात न्हाई सरळ? सगळी रॉकेटं वाकडी होत्यात आणि समुद्रावर जात्यात. पडत्यात ती. व्हिडिओत सरळ सरळ दिसतंय."

हा त्याचा सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि बघितलं तर तो अर्धा बरोबर आहे. रॉकेट वाकडं होतं, आणि कक्षेत गेलेली वस्तू खरोखरच पडत असते.

पन्हाळ्याच्या सज्जा कोठीजवळ उभं राहून दगड हातातून सोडला तर पहिल्या सेकंदात तो साधारण पाच मीटर खाली येतो. तोच जोरात पुढं भिरकावला, तरी पहिल्या सेकंदात पाच मीटरच खाली येतो, फक्त तेवढ्यात पुढं जातो. आणखी जोरात फेकला, आणखी पुढं. आता जमीन गोल आहे. आठ किलोमीटर पुढं गेलं की ती सरळ रेषेपासून पाच मीटर खाली वळलेली असते. मग दगड सेकंदाला आठ किलोमीटर वेगानं फेकला तर? एका सेकंदात तो पाच मीटर पडतो आणि जमीनही पाच मीटर खाली जाते. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. तो पडतच राहतो आणि पोचत कधीच नाही. पन्हाळ्यावरून कोल्हापूर अडीच सेकंदात पार करणारा दगड. हवा हे होऊ देणार नाही, दगड जळून जाईल. म्हणून आधी हवेच्या वर जायचं आणि मग आडवा वेग घ्यायचा.

रॉकेटचं वाकणं म्हणजे हा आडवा वेग घेणं. नुसतं उंच जाऊन भागत नाही. ४०० किलोमीटर उंचीवर नुसतं नेऊन सोडलं तर वस्तू सरळ खाली येईल. सुरुवातीला रॉकेट उभं जातं ते दाट हवेतून लवकर बाहेर पडायला, नंतर बराचसा जोर आडवं पळण्यात जातो. श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर का, ह्याचं एक उत्तरही इथंच आहे. पृथ्वी पूर्वेकडं फिरते, तिथं तिचा वेग सेकंदाला सुमारे ४५० मीटर आहे, तो रॉकेटला आयता मिळतो. शिवाय खाली समुद्र, म्हणजे रिकामे झालेले टप्पे कुणाच्या शेतात पडत नाहीत. व्हिडिओ जिथं संपतो तिथं रॉकेट पडलं असं नाही, तिथं ते कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर गेलं. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ रॉकेटपासून सुटं झालं ते उड्डाणानंतर सुमारे सोळा मिनिटांनी. तोवर ते श्रीहरिकोट्यातून दिसेल कशाला?

आमचा टीव्हीचा उपग्रहही असाच पडतोय. फक्त ३५,७८६ किलोमीटरवर एक फेरी घ्यायला २३ तास ५६ मिनिटं लागतात, पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढीच. दोघं जोडीनं फिरतात, म्हणून माझी डिश एकदा घट्ट केली की हलवावी लागत नाही. भारताचा असा पहिला प्रयोगाचा उपग्रह, ॲपल, १९८१ साली वर गेला. अँटेनाच्या चाचणीला आजूबाजूला धातू नको म्हणून तो बैलगाडीवर ठेवला होता. तो फोटो दाखवून लोक हसतात. मला तो फार आवडतो.

"पण मग आपण फिरतोय तर जाणवत का न्हाई?" हे ठरलेलंच. कोल्हापूर ताशी १६०० किलोमीटर वेगानं पूर्वेला चाललंय हे खरं. पण शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगानं चाललेल्या एसटीत डोळे मिटा, काय कळतं? ब्रेक लागला की कळतं. आणि वळण म्हणाल तर २४ तासांत एक फेरी. घड्याळातला तासकाटा ह्याच्या दुप्पट वेगानं फिरतो, आणि तो फिरताना कुणाला दिसत नाही. नावेतल्या माणसाला काठ मागं जाताना दिसतो तसे आपल्याला तारे जाताना दिसतात, हे आर्यभटानं पाचव्या शतकाच्या अखेरीला लिहून ठेवलंय.

जमीन सपाट का दिसते, ह्याचं उत्तर भास्कराचार्यांनी ११५० साली दिलं: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि पृथ्वी फार मोठी, माणूस फार लहान. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचा शंभरावा भाग ४००. कोल्हापूरहून मुंबई गाठली तरी ४०० भरत नाहीत. तेव्हा गच्चीवरून सपाट दिसतंय ह्यात डोळ्यांची काही चूक नाही.

सपाट पृथ्वीचा आजचा पंथ मात्र जुना भारतीय नव्हे, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडातला आहे. सॅम्युअल रोबोथम नावाच्या माणसानं १८३८ मध्ये ओल्ड बेडफर्ड नावाच्या एका सरळ कालव्यात पाण्यालगत डोळा ठेवून सहा मैलांवरची होडी बघितली आणि पाणी सपाट असल्याचं जाहीर केलं. पाण्यालगतच्या थंड-गरम हवेच्या थरांत प्रकाश वाकतो, ते त्यानं धरलंच नाही. १८७० मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्या निसर्गशास्त्रज्ञानं तिथंच निरीक्षणाची उंची वाढवून ५०० पौंडांची पैज जिंकली, आणि हरलेल्या माणसानं त्याला पुढं कित्येक वर्षं शिव्यांची पत्रं पाठवून छळलं. पैज लावू नये असल्या माणसाशी.

ह्या लोकांचा नकाशा ठरलेला आहे. मध्ये उत्तर ध्रुव, भोवती देश, कडेला अंटार्क्टिकाची बर्फाची भिंत, आणि वर पाचेक हजार किलोमीटरवर गोल गोल फिरणारा सूर्य. माझं म्हणणं एवढंच, की ह्या नकाशावर हिशेब करून बघा. मध्यरात्री सूर्य ध्रुवापलीकडं गेला तरी कोल्हापूरहून तो जास्तीत जास्त २१,००० किलोमीटर लांब. ५००० उंच आणि २१,००० लांब, म्हणजे क्षितिजापासून १३ अंश वर. रात्री बारा वाजता सव्वा मूठ उंचीवर सूर्य! तो लांब गेल्यामुळं दिसत नाही म्हणतात, पण मग मावळताना तो लहान लहान होत जायला हवा. रंकाळ्यावर रोज संध्याकाळी भेळ खात अख्खं कोल्हापूर बघतं, सूर्य अख्खाच्या अख्खा बुडतो.

आणि आपल्याकडं तर ह्याहून नेमकं मोजमाप आहे. अंबाबाईचा किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून, पितळी उंबरा ओलांडून मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, मग वर. तारखा बघा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळतो त्याच जागी परत येताना मावळतो. गोल, कललेल्या पृथ्वीचं गणित सांगतं की त्या दिवसांत कोल्हापुरात सूर्य पश्चिमेपासून १८ अंश दक्षिणेला मावळतो, आणि किरणं एवढी आत शिरतात म्हणजे ती जवळजवळ आडवी असतात.

तोच दिवस, तीच वेळ सपाट नकाशावर मांडा. मी मांडली, दोनदा. सूर्य पश्चिमेपासून ३० अंश उत्तरेला येतो, वायव्येच्या बाजूला, आणि क्षितिजापासून २० अंश वर, दोन मुठी. तिथून येणारी किरणं महाद्वारातून आडवी आत शिरायचीच नाहीत. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी सूर्य जिथं मावळतो तिथं बघून बांधलं.

हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. लगेच उत्तर आलं नाही म्हणजे पटलं असं मी समजत नाही. फुगे, टॉवर, लेन्स, लांब गेलेला सूर्य, एकेका गोष्टीला पळवाट सापडते. फक्त त्या सगळ्या पळवाटा एका नकाशावर बसवायला गेलं की बसत नाहीत. एकीनं दिल्लीची डिश जमवली तर किरणोत्सव बिघडतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्रीनं सपाट पृथ्वी मानणाऱ्या काही जणांना अंटार्क्टिकाला नेलं, चोवीस तास न मावळणारा सूर्य दाखवायला. सपाट नकाशाच्या कडेला असा सूर्य असूच शकत नाही. त्यांच्यातल्या एकानं आपण ह्या बाबतीत चुकलो हे कॅमेऱ्यासमोर मान्य केलं. घरी बसलेल्यांनी मग त्याच्यावरच फितुरीचा आरोप केला.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी त्याला गच्चीवर बोलावलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जाणार होतं. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला त्यात अठरा दिवस मुक्कामाला होता तेव्हा आमच्याकडं आषाढाचे ढग, काही दिसलं नाही. ते कुठल्या वेळी कुठल्या दिशेनं जाणार हे मिनिटाबरहुकूम आधी कळतं. सूर्य मावळून तास होत आलेला. वायव्येकडून एक ठळक ठिपका वर आला, न लुकलुकता, विमानासारखे तांबडे-हिरवे दिवे नाहीत, आवाज नाही. भराभर डोक्याकडं आला आणि पलीकडं उतरता उतरता, आभाळ स्वच्छ असताना, मधेच तांबूस होऊन विझला.

"ढग आला?"

ढग नव्हता. आपल्याकडं सूर्य मावळला तरी ४०० किलोमीटर वर ऊन असतं, त्या उन्हातच ते चमकतं. पुढं गेलं की तेही पृथ्वीच्या सावलीत शिरतं. सपाट पृथ्वीच्या वर फिरणाऱ्या सूर्याची सावली आभाळात पडणार कुठून? तो बराच वेळ त्या विझलेल्या जागेकडं बघत होता. मग मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागला. मला वाटलं, परत व्हिडिओ. तर होकायंत्राचं ॲप उतरवून घेत होता.

येत्या ९ नोव्हेंबरला महाद्वारात उभं राहून सूर्य नेमका कुठल्या अंशाला मावळतो ते स्वतः मोजणार म्हणतोय. मी म्हटलं, साडेपाचच्या आत जाऊन जागा धर, गर्दी असते, आणि लोखंडी बॅरिकेडला चिकटून उभा राहू नकोस, काटा वेडावाकडा फिरतो.